झाकणाला पाच वेढे

हे माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेलं नाही. बायकोपुढं नाही, ज्यांच्या हाताखाली तीस वर्षं काम केलं त्या डॉक्टर मॅडमपुढं नाही, देवापुढं तर नाहीच — देवापुढं उभा राहिलो की मी गुडघेदुखीचं बोलतो. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. यात धीटपणा वगैरे काही नाही. अनोळखी माणसाजवळ बोलायला काय लागतं? बसस्टँडवर कोणीही बोलतं.

आणि आधीच सांगून ठेवतो — माझी कीव आली, तर ती तुमची चूक. असं काही सांगायला लागलो की माझा आवाज आपोआप मऊ होतो. समोरच्याला वाटतं, केवढं सोसलंय या माणसानं. मी काहीही सोसलेलं नाही. मला झोप चांगली लागते, भूक चांगली लागते, आणि रिटायर झाल्यापासून माझं वजन नऊ किलोनं वाढलंय.

कुठून सुरू करू? शनिवारपासून करायला हवं. पण मी शिबिरापासून करतो, कारण शिबिराचं सांगताना मला मजा येते, आणि शनिवारचं सांगताना... बघू.

तीन वर्षांपूर्वी माझी बायको सुलभा मला एका शिबिराला घेऊन गेली. तिच्या भिशीतल्या कुणीतरी तिला सांगितलं होतं. बजाजनगरातला एक हॉल, तीन रविवार, सकाळी नऊ ते एक. विषय — स्वतःला क्षमा करणे. घ्या! आयुष्यभर स्वतःला क्षमा करण्याखेरीज दुसरं काही न केलेली आम्ही ऐंशी-नव्वद माणसं तिथं ते शिकायला बसलो होतो. शिकवणाऱ्या ताई पांढऱ्या साडीत, गळ्याशी माइक, बोलणं साखरेच्या पाकासारखं. दारातच प्रत्येकाला एक छोटा गोल आरसा मिळाला, मागून गुलाबी प्लास्टिकचा. पायऱ्या चार. पहिली, चूक मनापासून मान्य करा. दुसरी, कागदावर लिहा. तिसरी, कागद जाळा. चौथी, आरशात बघा, स्वतःला नावानं हाक मारा आणि म्हणा, मी तुला माफ केलं.

काय एकेक पापं निघाली म्हणून सांगू! एका बाईंनी सासूला एकदा शिळी भाजी वाढली होती, त्या हमसून हमसून रडल्या. एका रिटायर्ड इंजिनियरनं, आपण नोकरीत फार सरळ वागलो, याबद्दल स्वतःला माफ केलं. आम्ही टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. मग माझी पाळी आली. मी कागदावर लिहिलं — ‘कामात एक चूक झाली.’ चार शब्द. मातीच्या कुंडीत तो कागद जाळला. आरशात बघितलं, स्वतःला नावानं हाक मारली, माफ केलं. आणि खाली येऊन तर्री-पोह्याच्या दोन प्लेटी खाल्ल्या, वरून चणे जास्त घालून.

आता यातलं खरं वाईट ऐका. उपाय लागू पडला. मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. आंघोळ केल्यासारखं वाटलं. इतकी वर्षं मला वाटत होतं की आपल्या आत काहीतरी जड आहे, आणि ते एका कागदाच्या वजनाचं निघालं. अशा माणसाला काय म्हणावं? मी तेव्हा स्वतःला ‘बदललेला माणूस’ म्हणत होतो. भेटेल त्याला शिबिराचं सांगत सुटलो होतो. शेजारच्या पानठेलेवाल्यालासुद्धा मी चार पायऱ्या ऐकवल्या होत्या.

कुठली चूक, ते विचारा ना.

मी धंतोलीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन होतो. ती लॅब आता नाही, मॅडम लेकीकडं बंगलोरला गेल्या, तिथं आता चष्म्याचं दुकान आहे. धंतोलीत गल्लीगल्लीला दवाखाने, सगळ्या विदर्भातून माणसं येतात, आणि येणाऱ्या प्रत्येकाला एक काम हमखास करावं लागतं. ऑपरेशनच्या खोलीतून नर्स बाहेर येते, नातेवाइकाच्या हातात एक बाटली देते आणि म्हणते, हे अमुक लॅबमध्ये नेऊन द्या. बाटलीत फॉर्मालिन, म्हणजे नाकाडोळ्यांत झोंबणारं औषधी पाणी, आणि त्या पाण्यात त्याच्या माणसाच्या अंगातून काढलेला तुकडा. मग तो नातेवाईक दोन्ही हातांनी ती बाटली छातीशी धरून रस्त्यानं चालत येतो. गाड्या चुकवत, पाटी वाचत, रिक्षावाल्याला विचारत. तीस वर्षं मी अशी माणसं काउंटरपलीकडं पाहिली. त्यांच्याकडं बघून मला हसू यायचं. बाटली देतानाही त्यांचे हात लवकर सुटायचे नाहीत, मला ओढून घ्यावी लागायची.

नियम असा की बाटली हातात आली की लगेच नंबर टाकायचा. बाटलीवर नंबर, कागदावर तोच नंबर. एवढं साधं काम. पण मी कोण? माझी मेमरी लॅबमध्ये प्रसिद्ध होती! मॅडम पाहुण्यांना सांगायच्या, याला महिनाभराचे पेशंट तोंडपाठ असतात. त्यामुळं मी नंबर जेवणानंतर एकदम टाकायचो. पाच-सहा बाटल्या ओळीनं ठेवायच्या, कागद बाजूला ठेवायचे, आणि डबा खाऊन आल्यावर राजासारखं बसून सगळ्यांना नंबर द्यायचे. कधी चुकलो नाही. नऊ-दहा वर्षं चुकलो नाही. माणूस एवढी वर्षं चुकला नाही की त्याला वाटायला लागतं, आपण चुकूच शकत नाही.

शनिवारी आणखी एक काम असायचं, जुन्या बाटल्या रिकाम्या करायचं. महिना झालेली सँपलं. मोठ्या बाटल्यांतले उरलेले तुकडे दवाखान्याच्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत जायचे. छोट्या बाटल्यांत काही उरलेलंच नसायचं, सगळं तपासणीत संपायचं, म्हणून त्या नुसत्या सिंकमध्ये ओतायच्या. हे काम आमच्या लॅबच्या सफाईवाल्या मावशी करायच्या. त्या शनिवारी मावशी आल्या नव्हत्या. मी म्हटलं, त्यात काय, मी करतो. जुन्या बाटल्यांचा क्रेट आणून टेबलावर ठेवला — नव्या बाटल्यांच्या शेजारी. फोन खांदा आणि कानाच्या मध्ये धरलेला, कारण दुसऱ्या दिवशीच्या सावजी मटणाचं ठरत होतं. किती जण येणार, कुणाच्या घरी करायचं. आणि मी एकेक झाकण काढून ओततोय. नळ चालू. ओततोय आणि हसतोय.

क्रेट संपला, फोन संपला, हात धुतले. मग टेबलाकडं बघितलं. कागद पाच होते. बाटल्या चार होत्या.

पाचवा कागद होता मंदाचा. वय अडतीस, गाव भिवापूरजवळचं, छातीतली गाठ, सुईनं काढलेले तुकडे. असे तुकडे फार बारीक असतात, दोऱ्यासारखे. पाण्यात असले तर न बघणाऱ्याला दिसतही नाहीत. मी सिंकमध्ये वाकून बघितलं. काय दिसणार? पाणी जाताना दिसलं.

इथपर्यंत चूक होती. कुणाकडूनही होऊ शकली असती. तुमच्याकडूनही — नाही का? थांबा, मान हलवू नका. मी तुमच्याकडून ती मान हलवून घेण्यासाठीच हे इतकं बारकाईनं सांगितलं. मावशी आल्या नव्हत्या, फोन आला होता, दोरे बारीक होते! बघितलंत, किती सफाईनं सांगतो मी? शिबिरात बक्षीस असतं तर मला मिळालं असतं.

आता पुढचं. मी सिंकखालच्या बादलीतून ती बाटली शोधून काढली. नावाची पट्टी तिच्यावर होती, दवाखान्यानं लावलेली. मी ती वाचली असती तर — असो. बाटलीत ताजं फॉर्मालिन घातलं, अर्ध्याच्या वर. झाकण लावलं. नंबर टाकला, त्या दिवशी पहिल्यांदा वेळेवर. आणि मॅडमच्या टेबलावर नेऊन ठेवली आणि म्हणालो, याच्यात काहीच आलेलं नाहीये. एवढं सगळं करायला मला किती वेळ लागला असेल? टेबलावरचा चहा थंड झाला नव्हता.

मॅडमनी बाटली उजेडात फिरवून बघितली. म्हणाल्या, दवाखान्यात फोन करा, नातेवाइकाला बोलवा.

तो आला. मंदाचा भाऊ, गजानन. तेव्हा पस्तिशीचा असेल. मिरचीची शेती, हाताची बोटं लाल-काळी झालेली, शर्टाच्या खिशात बसचं तिकीट नीट घडी करून ठेवलेलं. तासाभरापूर्वी त्यानंच बाटली आणून दिली होती. तो काउंटरपाशी उभा राहिला, आजूबाजूला सात-आठ माणसं. आणि मी विचारलं, वाटेत झाकण उघडलं होतं का?

मी पुढं कित्येक वर्षं स्वतःला सांगत आलो की हा प्रश्न सहज तोंडून गेला, रीतसर विचारपूस होती. खोटं. गळ टाकला होता मी. फक्त मासा इतक्या पटकन लागेल, असं वाटलं नव्हतं.

तो खाली बघून म्हणाला, “हो साहेब, उघडलो होतो. मले पाह्याचं होतं, माह्या बहिणीच्या आंगातून काय काढलं ते.”

दवाखान्याच्या कोपऱ्यावर लिंबाच्या झाडाखाली थांबून त्यानं झाकण उघडलं होतं. डोळ्यांत पाणी आलं त्या वासानं, थोडं हातावर सांडलं. पण दिसलं म्हणाला. तीन होते, पांढरे, शेवयांच्या तुकड्यांसारखे. मग झाकण लावलं आणि चालत आला.

माझ्या चुकीला आयता मालक मिळाला. आणि मी काय केलं? मी त्याला झापलं. सात-आठ माणसांसमोर झापलं. अक्कल आहे का, हे काय लोणच्याची बरणी आहे का उघडून बघायला, तुमच्या बहिणीचा जीव आहे याच्यात, सगळं सांडून आलात आणि आता आम्हाला विचारता. त्यानं मला काहीही विचारलेलं नव्हतं. तो फक्त स्वतःच्या हाताकडं बघत होता, ज्या हातावर सांडलं होतं. बेंचावरची एक बाई ‘खेड्यातले लोक’ असं काहीतरी पुटपुटली, आणि मला फार छान वाटलं.

दवाखान्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, सुई पुन्हा घालावी लागेल. मंदा नाही म्हणाली. पहिल्या वेळी फार दुखलं होतं, शिवाय घरच्या कुणी सांगितलं होतं की पुन्हा पुन्हा टोचलं की गाठ पसरते. तिला हट्टानं तयार करणारा एकच माणूस होता, आणि त्याला आता तोंड राहिलं नव्हतं. एकदा सांडून आलेला भाऊ बहिणीला कुठल्या तोंडानं म्हणणार, चल, परत टोचून घे? दोघं गावी गेले. तिचा निर्णय होता, हे वाक्य मी किती वर्षं वापरलं असेल! पुसून पुसून वापरलं.

दहा-अकरा महिन्यांनी तेच नाव पुन्हा कागदावर आलं. मी काउंटरवरच होतो. गजानननं बाटली पुढं केली. ती टॉवेलात गुंडाळलेली होती. टॉवेल काढला तर झाकणाला चिकटपट्टी, दवाखान्यातली पांढरी, जखमेवर लावतात ती. एक-दोन नाही, पाच वेढे. प्रत्येक वेढा दाबून दाबून बसवलेला. नर्सकडून मागून घेतली म्हणाला. “आता नाही सांडनार, साहेब.”

मंदा बाहेरच्या बेंचावर बसली होती. पदर असा घेतलेला की छातीची ती बाजू झाकली जावी, पण वासावरून मला कळलं — आमच्या कामात कळतं — की आता फार उशीर झालाय. मी पावती द्यायला गेलो तेव्हा ती हळूच म्हणाली, “मागच्या वक्ती तुम्ही त्याले लय बोलले, भाऊ. आता काही बोलू नका. त्यानं तवापासून शेवया नाही खाल्ल्या.”

मी म्हणालो, नाही बोलणार. उदार झालो! तिच्या भावाला मी माफ केलं, तिच्या तोंडावर.

ते पाच वेढे काढता येईनात. नखानं नाही, चिमट्यानं नाही. शेवटी कात्रीनं कापले. त्या दिवशी बाटल्यांत सगळ्यात आधी नंबर मी तिच्या बाटलीवर टाकला. रिपोर्टमध्ये काय आलं असेल ते तुम्हाला सांगायला नको. पावसाळा संपता संपता ती गेली, हे मला दवाखान्यातल्या कंपाउंडरकडून समजलं. मी ‘अरेरे’ म्हणालो. काय म्हणायचं असतं, ते मला माहीत होतं.

तर ही ती चूक. ‘कामात एक चूक झाली.’ पण मी तुम्हाला जे सांगायला बसलोय ते हे नाही. वाटलं ना तुम्हाला, झालं, संपलं? मलाही वाटायचं. ओतलं आणि खोटं बोललो — एवढंच असतं तर मी एक साधा भेकड माणूस ठरलो असतो, आणि भेकड माणसं नागपुरात काय कमी आहेत?

शिबिरानंतर वर्षभरानं मी डोळे तपासायला धंतोलीतच गेलो होतो. वेटिंगमध्ये बसलो होतो, नंबरला वेळ होता. शेजारी एक माणूस येऊन बसला, केस पांढरे, बायकोला मोतीबिंदूसाठी आणलेलं. माझ्याकडं बघत राहिला, आणि मग म्हणाला, साहेब, वळखलं काय? मी बोटांवरून ओळखलं. पळून जायला पाहिजे होतं. पण मी तेव्हा बदललेला माणूस होतो ना! माझा कागद जळलेला होता. मी छान हसलो, त्याच्या खांद्यावर हात ठेवला, कसे आहात गजाननभाऊ म्हणालो. नाव लक्षात होतं. मेमरी!

तो सांगत गेला. घरी त्यानं तेव्हाच सगळ्यांना सांगून टाकलं होतं की माझ्या हातून सांडलं. कुणी विचारलं नव्हतं, त्यानं आपणहोऊन सांगितलं. भाऊजींचं, म्हणजे मंदाच्या नवऱ्याचं, येणंजाणं कमी झालं. मंदाच्या थोरल्या मुलीचं लग्न झालं, तेव्हा मामानं भाचीला मंडपात आणायचं, तिच्या पाठीशी उभं राहायचं. हा सख्खा एकुलता मामा मंडपाबाहेर स्वयंपाकाच्या चुलीपाशी बसून राहिला. दुसराच एक चुलतमामा उभा केला. आता धाकटीचं लग्न ठरलं होतं. तिनं निरोप पाठवला होता की मामा, तुम्हीच पाहिजे. तो म्हणाला, कोणत्या तोंडानं उभा राहू, तिच्या मायले मीच मारलं.

आणि मग त्यानं इकडं तिकडं बघितलं. बायकोला ऐकू जाऊ नये म्हणून माझ्याकडं झुकला.

“एक गोष्ट इचारू काय, साहेब? मी झाकन लावलो, त्याच्यानंतर बाटली वर धरून पाह्यलो होतो, उजेडात. तीनही आतच होते. मले पक्कं आठवते. मंग ते गेले कुठी?”

इतक्या वर्षांनी. विचारलं त्यानं. ज्याला विचारायला हवं होतं त्यालाच विचारलं. आणि रागानं नाही, आरोप करून नाही — माहीतगार माणूस म्हणून विचारलं, जसं मुलाच्या ॲडमिशनचं विचारावं. त्याच्या मनात तेवढी एक जागा शिल्लक होती. सोळा-सतरा वर्षं त्यानं ती जपली होती, आणि ती खरी होती.

मला फक्त दोन शब्द बोलायचे होते. मी ओतले. बस.

मी काय बोललो, ते शब्द न् शब्द आठवतं. मी म्हणालो, “मन असंच करत राह्यते, भाऊ. आपली चूक नव्हती, असं दाखवत राह्यते. पहिले चूक मान्य करा, मंगच सुटका होते.”

पहिली पायरी! मी त्याला पहिली पायरी शिकवली. त्याच्या डोळ्यांसमोर उजेडात धरलेली बाटली होती, तीन दोरे होते, आणि मी ते दुसऱ्यांदा ओतून टाकले. या वेळी बघून ओतले.

त्यानं मग मान हलवली. म्हणाला, असंन. तुम्ही शिकलेले, तुमाले जास्त समजते.

आणि मी थांबलो नाही. इथं तरी थांबायचं! आरसा नव्हता, म्हणून मी त्याचाच मोबाइल मागून घेतला, समोरचा कॅमेरा चालू केला आणि त्याच्या हातात दिला. म्हटलं, बघा याच्यात. स्वतःला नाव घेऊन हाक मारा. म्हणा, गजानन, तुझ्या हातून चूक झाली, मी तुला माफ केलं. डोळ्यांच्या दवाखान्यात, भर सकाळी, ड्रॉप घातलेली माणसं डोळे मिटून बसलेली, आणि हा पन्नाशी ओलांडलेला माणूस हातात मोबाइल धरून स्वतःच्याच चेहऱ्याकडं बघत ते म्हणाला. पहिल्यांदा आवाज निघाला नाही. मी म्हटलं, पुन्हा. दुसऱ्यांदा निघाला. मग तो रडायला लागला, खांद्यावरचा दुपट्टा तोंडावर दाबून, खांदे हलत होते. त्याची बायको घाबरून विचारायला लागली, काहून रडून राह्यले? मी तिला खूण केली, रडू द्या, चांगलं असतं. मी! ताईंच्या आवाजात!

जाताना तो माझ्या पाया पडला. मी अडवलं नाही. खाली वाकलेलं ते डोकं मी बघितलं, आणि मला — सांगून टाकतो, आता काय राहिलंय — मला अभिमान वाटला.

धाकटीच्या लग्नात तो मामा म्हणून उभा राहिला. मला फोटो पाठवला. भाचीच्या मागं, नवा फेटा, छाती पुढं. फोटो बघून माझ्यातल्या वकिलानं लगेच तोंड उघडलं : बघ, माणूस उभा राहिला ना? आता खरं सांगून त्याला कशाला उगाच त्रास? बरं झालेलं आहे, बरं राहू दे. किती सोयीचं! त्याच्या भल्यासाठी मी गप्प. मी जन्मभर ज्याच्या भल्यासाठी गप्प राहिलो तो माणूस नेहमी मीच निघालाय. तो उभा राहिला तो माझा गुन्हा अंगावर घेऊन उभा राहिला. आधी निदान त्याला शंका होती. आता त्याला माफी मिळालीय, आणि माफी मिळालेला माणूस आपण गुन्हा केला नव्हता, असं पुन्हा कधी म्हणेल का? झाकण घट्ट बसलं. पाच वेढे घालून बसलं.

तेव्हापासून दर वर्षी एसटीनं मिरचीची पिशवी येते. भिवापुरी, वाळवून, देठं काढून, निवडून. सुलभा सगळ्या सोसायटीत वाटते आणि म्हणते, ही आमच्या ह्यांच्या एका जुन्या पेशंटकडची, इतका मान देतो तो ह्यांना. घरी तिखट संपत आलं की तीच विचारते, गजाननभाऊंची यायची वेळ झाली ना? माझ्या फोनमध्ये त्याचा नंबर ‘मिरची’ या नावानं आहे. पूर्ण नाव टाकलं नाही. टाकता आलं असतं.

तुम्हाला वाटेल, हे सगळं लिहून मी त्याला पाठवणार. नाही. तुम्हाला सांगितलं, त्याला सांगितलं नाही, आणि सांगणारही नाही. माझी जात मला माहीत झालीय. मी असाच कागद लिहितो आणि मला बरं वाटतं. आत्ताही वाटतंय थोडं. शिसारी येते, पण वाटतंय.

परवा यंदाची पिशवी आली. सुलभानं काल तिखट करून रस्सा केला, मी दोनदा वाढून घेतला. जेवून हात धुतोय तोवर फोन वाजला. ‘मिरची’.

त्यानं विचारलं, “भेटली काय पिशवी, साहेब?”

मी म्हणालो, “भेटली. यंदा रंग लय मस्त आहे.”